यांच्या नावाची मूठ

आबा, मला फार भीती वाटतेय. तुम्ही असता तर खेकसला असता, "कसली भीती ते नीट सांग, उगीच मुसमुसू नको," म्हणून नीटच सांगते. तुमचे जावई आत मनाच्या डॉक्टरकडे गेलेत आणि मी बाहेर बाकावर बसलेय. दार बंद आहे, आतून काही ऐकू येत नाही. माझे मोठे दीर दुकान बंद ठेवून सोबत आलेत. ते सारखे त्या दाराकडे बघतायत. पर्समध्ये साडीच्या घडीतला कोरा पुठ्ठा होता, त्यावर लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की यांना तुम्ही पाहिलंच नाही. आवडले असते तुम्हाला. डाइंग मिलमध्ये कापड वाळवायच्या तापलेल्या मशीनवर दिवसभर उभे असतात, पण घरी आल्यावर तोंडातून वाकडा शब्द नाही. माझं तोंड कसं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. दोघांच्या वाटचं मीच बोलते.

आम्हाला मूल नाही, आबा. आधी सगळं माझ्यावरच आलं. सुरतेच्या आमच्या डिंडोलीतली प्रत्येक बाई डॉक्टर झाली, प्रत्येकीकडे एक वैदू आणि एक नवस. कोणाच्या डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली की मला हळूच पाणी आणायला पाठवायचे. मी पाणी आणायचे आणि वर विचारायचे, "अजून कोणाला तहान लागलीय का? एकदाच सांगा, बाई!" मग यांची तपासणी झाली. त्या दवाखान्यात यांच्या हातात प्लास्टिकची डबी दिली आणि भरल्या लोकांत काउंटरवरून गुजरातीत आवाज आला, "सेम्पल आपी देजो, भाई!" हे रुमालाखाली डबी धरून बाथरूमच्या रांगेत उभे होते आणि समोर मिलमधलाच ओळखीचा माणूस. रिपोर्टमध्ये दोष यांचाच निघाला. मशीनच्या उष्णतेनं असेल, नसेलही, डॉक्टर म्हणाले. त्यानंतर सुया मला, गोळ्या मला, "ताई, कसं वाटतंय" तेही मलाच. यांना कोणी एकदाही विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "घरी सांगू नको." मी म्हटलं, "नाही सांगत. मला काय, माझी कातडी जाड आहे." पण मला मारलेला प्रत्येक टोमणा यांनाच लागत होता. जेवता जेवता यांचा घास हातातच राहायचा.

या उन्हाळ्यात हे एकदम प्रेमाने वागायला लागले. मला गॅसची टाकी बदलायला शिकवली. फोनवरून लाइट बिल भरायला शिकवलं. रविवारी मैदानात नेऊन स्कूटर शिकवली, मी दोनदा पडले तरी चिडले नाहीत. पाण्याची मोटर बंद पडली तर कोणता माणूस बोलवायचा, तेसुद्धा सांगून झालं. मी म्हटलं, "काय हो, दुबईला निघालात की काय?" ते हसले. आबा, ते हसणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी मूर्खासारखी शेजारणीला सांगत होते, बघ, माझा नवरा किती सुधारला.

मग कानबाई आली. तुम्हाला काय सांगायचं, खानदेशातलं गाव सोडून सुरतेला आलात तरी कानबाईच्या रोटांचा सण तुम्ही एक वर्ष चुकवला नाही. आमचे सगळे भाऊबंद मोठ्या दिरांकडे जमतात. देवीच्या गोड रोटांसाठी गहू काढायला जाऊबाई बसल्या होत्या, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ सुपात टाकायची. मोठ्या दिरांची झाली, त्यांच्या मुलांची झाली, पाळण्यातल्या नातवाचीही झाली. आमच्या बाजूला आल्यावर जाऊबाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "तुमची यंदाही एकच ना?" आणि दारात उभे असलेले हे म्हणाले, "वहिनी, यंदा मनी मूठ लेऊ नका."

माझी घेऊ नका. सगळे हसले! दीर म्हणाले, "का रे, शुगर निघाली का?" जाऊबाई म्हणाल्या, "बरं, दोन रोट कमी खा, मूठ तर घेऊ दे." मला हसू आलं नाही. तुम्ही गेलात त्या वर्षी आई अशीच सूप घेऊन बसली होती. सवयीने तुमच्या नावाची मूठ तिने उचलली, हात तसाच वर राहिला आणि मग गहू परत डब्यात सोडले. मूठ फक्त गेलेल्या माणसाची गळते, आबा. गॅसची टाकी, लाइट बिल, स्कूटर, सगळ्याचा एका झटक्यात माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या! त्या क्षणी तुम्ही आठवलात. मी लहान असताना उधन्याच्या कापड विणायच्या कारखान्यात तुमचा डबा घेऊन आले होते, लूमच्या मागे वायरीतून ठिणग्या उडताना पाहिल्या आणि घाबरून मुकाट घरी पळून आले. संध्याकाळी तुम्ही हात भाजून आलात आणि मला भिंतीशी उभं केलंत. लूमच्या आवाजाने कान गेलेले, त्यामुळे तुमचं साधं बोलणंही चाळीला ऐकू जायचं. "भ्यायलीस त्याचं काही नाही. पण बोंब का नाही मारलीस?"

मी बोंब मारली, आबा. भर सणात, देवीच्या चौरंगासमोर. "हसताय काय? यांना मरायचंय! माझा नवरा जीव द्यायला निघालाय आणि तुम्हाला रोट सुचताहेत!" कोणाच्या हातातलं काय पडलं कोण जाणे, भांड्याचा आवाज झाला. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, सणासुदीला काय अभद्र बोलतेस? मूल होत नाही म्हणून तुझंच डोकं फिरलंय." तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. "तिनामा काही दोष नही, वहिनी. मनामा शे." दोष माझ्यात आहे, एवढंच बोलले आणि भिंतीला टेकून खाली बसले. चाळिशीकडे आलेला माणूस, दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखा हमसून रडला. दीर जागचे हलले नाहीत. जाऊबाई सूप बाजूला सारून उठल्या, यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि यांची पाठ चोळत राहिल्या. मला ज्या इतकी वर्षं घालूनपाडून बोलल्या, त्याच.

तुम्हाला वाटेल, चला, बोलून टाकलं, सुटली पोरगी. कसली सुटते! तेव्हापासून हे माझ्याशी धड बोललेले नाहीत. "तू माझी अब्रू चव्हाट्यावर आणलीस," एवढंच म्हणाले. मी बाथरूमची कडी काढून टाकलीय. मिल सुटायच्या वेळी गेटवर जाऊन उभी राहते, चहावाल्याला वाटतं माझं काहीतरी लफडं आहे. फोन दोनदा वाजून उचलला नाही तर मिलच्या ऑफिसात फोन लावते. धागे कापायला आलेल्या साड्यांचे गठ्ठे तसेच पडलेत, कात्री घरात ठेवायची हिंमत होत नाही. दवाखान्यातून पुढच्या ट्रीटमेंटसाठी फोन येतो, मी कट करते. मला मूल हवं होतं, आबा, खूप हवं होतं, दुसऱ्याचं बाळ हुंगलं तरी छाती भरून यायची. आता संध्याकाळी चपलांचा आवाज आला की बास होतं. आज इथे यायला हे तयार झाले तेही दिरांनी हात जोडले म्हणून. थोरल्या भावाने धाकट्याला हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते.

मध्ये लिहायचं थांबले होते. आता औषधांच्या खिडकीसमोर बसून पुढचं लिहितेय. हे रांगेत उभे आहेत, यांचा निळा शर्ट मला इथून दिसतोय. मघाशी दार उघडलं, हे बाहेर आले, डोळे लाल. म्हणाले, "तुला बोलावलंय आत. एकटीलाच." दीर नेमके खाली चहा आणायला गेले होते. ते परत येईपर्यंत मी उठलेच नाही. आत डॉक्टर काय विचारतील याची भीती नव्हती. मी आत गेले की हे बाहेर एकटे राहतील, जिना समोर आणि आम्ही चौथ्या मजल्यावर, एवढंच मला दिसत होतं. हे माझ्याकडे बघत राहिले. मग कितीतरी दिवसांनी आपणहून विचारलं, "घाबरलीस?"

इतक्या वर्षांत मी यांच्यापुढे कधी कबूल केलं नव्हतं. माझी कातडी जाड ना! मी हो म्हणाले. "तुम्ही जाल म्हणून." नाही जाणार असं हे म्हणाले नाहीत. दीर चहा घेऊन येईपर्यंत माझ्या शेजारी बाकावर बसून राहिले, आणि माझा हात यांनी घट्ट धरला होता.