नेटवर्कमध्ये धरलेली जागा

टोरस्टाड, मिनेसोटा
१८ नोव्हेंबर १९९२

ती. डोरिनताईस आर्लिसचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक (थंडी सोडून).

तीन वर्षं हातापाया पडून मी शाळेत नेटवर्क आणवलं, हे तुला ठाऊकच आहे. माझ्या वर्गातल्या कपाटात सर्व्हर नावाचं करडं खोकं बसलं, सगळ्यांचे गुण त्यात गेले. पण शाळा मंडळाने सॉफ्टवेअर घेतलं वीसजणांपुरतं. एका वेळी वीसच आत, एकविसावा दारातून परत. शिक्षक आम्ही एकतीस! शाळेच्या सामन्याच्या दिवशी आपल्याकडे लोक दुपारीच बाकावर कोट टाकून घरी जेवायला जातात आणि त्या कोटाला कुणी बोट लावत नाही, तेच इथे सुरू झालं. सकाळी सहाला येऊन लॉग-इन करायचं, की जागा धरली. आमच्यातली बीव्हर्ली एंगेन तर शुक्रवारी जागा धरून फार्गो शहरात दात काढायला गेली.

त्याच शुक्रवारी प्रगतिपुस्तकं छापायची होती. ती दुपारी तीनपर्यंत निघाली नाहीत तर खोकं परत आणि माझ्या खोलीत पुन्हा टाईपरायटर, असं मंडळाने बजावलेलं. अन् मलाच आत जागा नाही! मुख्याध्यापक स्कोगेनसुद्धा बाहेर. मी वर्गोवर्गी फिरले. जीवशास्त्राचे नॉरिस हालवर्सन पावाला लोणी लावत म्हणाले, "आर्लिसबाई, तुम्हाला हवी असेल तर उठतो की मी. अगदी आत्ता उठतो."

"छे छे, बसा तुम्ही," मी म्हणाले. (काय करणार, आईचं वळण.) ते बसले. अशा एकोणीस जणांना मी बसा म्हणून आले, विसावी फार्गोला.

रडू यायचंच बाकी होतं. कपाट उघडलं, खोक्याची वायर उपटली, तसे वीसही जण बाहेर पडले, ती पुन्हा लावली आणि सगळ्यांच्या आधी स्वतः आत शिरले. दोनच्या आत सगळी प्रगतिपुस्तकं हातात! स्कोगेननी सर्वांसमोर माझं कौतुक केलं. ताई, मला फार बरं वाटलं.

तुझी,
आर्लिस

ता.क. हालवर्सनांनी न साठवलेल्या तीन प्रश्नपत्रिका त्यात गेल्या. वीज गेली असावी, असं ते म्हणतात. मी हो म्हटलं.

आणखी ता.क. थँक्सगिव्हिंगला तुझ्याकडे यायचं जमत नाही. शुक्रवारपासून मी लॉग-आऊट केलेलं नाही. तूच ये, टर्की इथेच भाजू. आणि मी स्वयंपाकात असेन तेव्हा शाळेत जाऊन माझ्या खुर्चीवर बसशील का? कुणी जागा मागितली तर उठते म्हण, पण उठू नकोस.