लॉरीत जागा नव्हती म्हणून

मु. बोरमाळ, ता. पाथर्डी, जि. अहमदनगर
२ फेब्रुवारी १९७३

गोरक्षराव यांस दाजी कानिफनाथ याचा मनापासून रामराम. तुमचा उजवा गुडघा आता वाकत असेल अशी आशा आहे. (डावा असल्यास तसे कळवा, मला चुकीचे लिहिलेले खपत नाही.) घरी सर्व मंडळी, तसेच तुमचे कैदी खुशाल असतील. त्यांचीही चौकशी करणे मी कर्तव्य समजतो, कारण तुमच्या संसाराला त्यांचाच आधार आहे. इकडे तुमची बहीण राहीबाई ठीक आहे. फक्त घराचे दार ती अजून उघडेच टाकते. शिंगणापुरात दाराशिवाय वाढलेल्या बाईला कडी लावायला शिकवणे माझ्याच्याने झाले नाही. त्याच घरात वाढलेले तुम्ही मात्र जेलचे हवालदार होऊन दिवसभर दारे लावत हिंडता. एका आईच्या पोटी असे दोन प्रकार कसे निघाले, यावर मी पूर्वी बराच विचार केला आहे, तो पुन्हा केव्हातरी.

पत्रास कारण आसाराम. आमच्या बांधाला बांध लागलेला, दात पुढे असलेला, तुमच्या बहिणीच्या लग्नात वाढपी असूनही सर्वांआधी जेवलेला, तोच. त्याला सरकारने ताम्रपट दिला. बेचाळीस साली तो तुरुंगात गेला होता हे खरे आहे, मी नाकारत नाही. पण तो कसा गेला हे गावात फक्त मला ठाऊक आहे. तालुक्याच्या बाजारात आम्ही दोघांनी बरोबरच घोषणा दिल्या. माझा आवाज मोठा होता, त्याचा तेव्हाही चिरकाच होता. पोलिसांची लॉरी आली, धरपकड झाली, आम्हीही रांगेत उभे राहिलो. आसाराम चढला, आणि जमादाराने माझ्या छातीला काठी आडवी लावून सांगितले, ‘बास, गाडी भरली.’ गोरक्षराव, मी लॉरीमागे वेशीपर्यंत पळालो. दुसऱ्या दिवशी धुतलेले कपडे घालून, भाकरी बांधून घेऊन कचेरीपुढे जाऊन एकटाच ओरडलो. जमादार म्हणाला, ‘आज हुकूम न्हाई आन् बाजारबी न्हाई, घरी जा.’ आसाराम अंगाने बारीक होता म्हणून मावला. याला देशभक्ती म्हणायचे की अंगकाठी, हे सरकारने पाहायला हवे होते.

त्यानंतर त्याने तुरुंग भोगला आणि विसरला. मी मात्र तेव्हापासून तुरुंगाचा अभ्यास केला. चौथीनंतर शाळा सुटली तरी वाचन सुटले नाही, हे तुम्ही जाणताच. राजे लोक किल्ल्यांत माणसे कशी कोंडत, कैद्याला जेवण घरून कसे यायचे, आणि घरचे विसरले तर त्याचे काय व्हायचे, इंग्रजाने नुसत्या कोंडण्यासाठी वेगळ्या इमारती कशा बांधल्या, अठराशे चौऱ्याण्णवचा कायदा, चक्की, कोलू, दंडाबेडी, चांगल्या वागणुकीची माफी, कैद्यातूनच कैद्यांवर नेमलेला पहारेकरी, हे सर्व मला तोंडपाठ आहे. आसाराम अजून बराकीला ‘खोली’ म्हणतो.

तर सव्वीस जानेवारीला शाळेत ‘तुरुंग : काल आणि आज’ असे व्याख्यान ठरले आणि मुख्याध्यापक सरळ आसारामच्या घरी गेले. मी त्यांना वाटेत गाठून माझी तयारी सांगितली. ते शांतपणे म्हणाले, ‘कानिफनाथराव, तुम्ही वाचलंय, त्यांनी भोगलंय.’ हे वाक्य मला फार लागले. शेवटी त्यांनी तडजोड केली. आधी मी इतिहास सांगायचा, मग आसारामने अनुभव. म्हणजे मी शेंगा सोलायच्या आणि दाणे त्याने खायचे.

तेव्हा मी ठरवले की अनुभवातही मागे राहायचे नाही. गावचा कोंडवाडा सध्या रिकामाच आहे, कारण चुकार म्हणावे असे जनावरच उरले नाही, सगळी दुष्काळाच्या छावणीत आहेत. कोंडवाड्याचा राखणदार भिमाजी याला मी म्हणालो, ‘मला आत घालून कुलूप लाव, आणि मी ओरडलो तरी उघडू नकोस, खऱ्या तुरुंगात कोणी उघडत नाही.’ भिमाजी आयुष्यात एवढे एकच काम सांगितल्याप्रमाणे करून बाजाराला निघून गेला. (बाजार मिरी गावचा, म्हणजे परतायला दिवस कलणार.) पहिला प्रहर मी विचारमग्न होतो. नंतर ऊन आले. नंतर मी हाका मारल्या. दगडाबाई दुष्काळी कामाच्या खडीवरून मधल्या सुट्टीत चालली होती, तिने फळ्यांच्या फटीतून आत पाहिले आणि म्हणाली, ‘मालक सोडवाया आल्याबिगर सुटत न्हाई, दादा. कायदाच हाय तसा.’ आणि गावभर सांगत गेली.

सर्वांत आधी कोण यावे? आसाराम. त्याने भिंतीवरून पाण्याचा तांब्या दिला (टँकर दोन दिवस आला नव्हता, त्याच्या घरचे पाणी असणार, हे मी मान्य करतो) आणि हळूच म्हणाला, ‘पैला दिवस जड जातो.’ कोंडवाड्यातही तो मला ज्येष्ठ निघाला. अखेर भिमाजी परतला आणि त्याने राहीबाईला बोलावून रीतीप्रमाणे विचारले, जनावर तुमचेच का. तुमच्या बहिणीने चार माणसांदेखत मला वरपासून खालपर्यंत पाहून ‘व्हय, आमचंच हाय’ असे सांगितले, तेव्हा मी सुटलो.

व्याख्यानाला शाळेच्या पटांगणात मुलांपेक्षा खडीकामावरची माणसेच जास्त होती, कारण त्या दिवशी काम बंद होते. मी किल्ल्यांपासून सुरुवात केली. इंग्रजापर्यंत येईतो दोघे-तिघे पेंगले. म्हणून मी प्रात्यक्षिक घ्यायचे ठरवले. तुरुंगात मोजणी म्हणजे गिनती असते आणि कैद्यांना तेव्हा जोडीजोडीने उकिडवे बसावे लागते, चुकले की पुन्हा पहिल्यापासून, असे सांगून मी हुकूम सोडला. तर सगळी माणसे डोळ्याचे पाते लवायच्या आत जोड्या लावून बसली. मी चकित झालो. दगडाबाई म्हणाली, ‘मुकादम हजेरीला रोज असंच बसवितो. म्होरलं सांगा.’

मी पुढे सांगितले की सक्तमजुरीच्या कैद्याला खडी फोडावी लागे. सगळे हसले. मी म्हणालो, हसू नका, ही फार क्रूर शिक्षा समजली जात असे. तेव्हा दगडाबाई म्हणाली, ‘आन् खायाला?’

मी अचूक माणूस आहे. मी खरे तेच सांगितले. दोन वेळा भाकरी, डाळ, भाजी, हौदाचे पाणी, आजारी पडल्यास डॉक्टर.

पेंगणारेही पुढे सरकून बसले. मग कोणीतरी विचारले, भाकरी मिलोची का जोंधळ्याची. मी म्हणालो, तेव्हा रेशनचा हा लाल मिलो नव्हता. मग विचारले, हौदाला नंबर लावावा लागतो का. मग दगडाबाईने पदर सावरून विचारले, ‘आन् आत जायला अर्ज कुठं करायचा?’ इतका वेळ मी ज्या गोष्टीची दहशत बसवत होतो तिला आता माणसे रांग लावायला निघाली होती. मुख्याध्यापकांनी घाईने माझे आभार मानले. मी दंडाबेडीवर अजून आलोही नव्हतो.

मग आसाराम उठला. कागद नाही, तयारी नाही. लोक त्यालाच विचारू लागले, आत कसे जायचे सांगा. तो ताम्रपटाच्या डबीशी चाळा करत म्हणाला, ‘जायचंच आसंल तर एकल्यानं जाऊ नका. आमचा आकडा सुटा हुता. गिनतीला सगळे जोडीनं, आन् शेवटाला मी एकलाच. शेजारी जागा रिकामी. मला रोज वाटायचं, कान्या यील उद्याच्या गाडीनं.’ एवढे बोलून तो खाली बसला.

बायका डोळे पुसू लागल्या. दगडाबाई माझ्याकडे असे पाहू लागली की जणू मीच त्याला फसवून घरी राहिलो. टाळ्या त्याला, हार त्याला. गोरक्षराव, त्याच्या जाण्याचे श्रेय त्याला मिळाले ते ठीक. पण माझ्या न जाण्याचे श्रेयही त्यालाच मिळावे, हा कुठला न्याय आहे? शिवाय ‘रोज वाटायचं’ हे त्याने मला तीस वर्षांत एकदाही सांगितले नव्हते. सांगायचे ते पटांगणात.

असो. माझ्या मनात त्याच्याविषयी काडीचाही मत्सर नाही, हे तुम्हाला वरील मजकुरावरून दिसलेच असेल. तुमच्या बहिणीचा आशीर्वाद. उत्तर सवडीने द्या.

तुमचा दाजी,
कानिफनाथ

ता. क. उत्तर सवडीने देऊ नका, लगेच द्या. आसारामच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. पुरते दिसेनासे व्हायच्या आत त्याला ती ‘खोली’ एकदा पाहायची आहे, आणि तो ज्या जेलात होता तिथेच सध्या तुमची नेमणूक आहे. साहेबांना विचारून दोघांना आत येण्याची परवानगी काढा. मी अभ्यासासाठी येत आहे, असे सांगा.

आणखी ता. क. शक्य झाल्यास आम्हाला गिनतीच्या वेळी आत घ्या, आणि जोडीत डावीकडे कोण बसतो हे आधी कळवा. आसाराम म्हणतो, कसेही बसू. त्याला तपशिलाचे काही नाही.

शेवटची ता. क. साहेब एकालाच सोडतो म्हणाले तर परवानगी घेऊ नका, परत करा. आसारामला एकट्याला आत सोडलेले मला पुन्हा चालणार नाही.