खजुराचा नर

११ फेब्रुवारी २०२४
सख्ख्या भावानं, अरमाननं, खजुराची सातही नर झाडं तोडली! मी घाटनांदूरला गेले होते, तेवढ्यात. "फळ देत न्हाईत, ती कावून पाळायची?" म्हणे. आणि अब्बा शेजारी उभे.

तीन वर्षं घसा फोडतेय — खजुरात नर वेगळा, मादी वेगळी. नराची भुकटी हातानं मादीच्या फुलांवर टाकावी लागते, तेव्हा कुठे फळ धरतं. पण घर की मुर्गी दाल बराबर. माझी बी.एस्सी. पेटीत पडून आहे.

फळ न देणारे नरच तोडायचे होते तर सुरुवात घरातून करायची!

१२ फेब्रुवारी
झोप नाही. दहावीत असताना रमजानभर इफ्तारच्या खजुराच्या बिया जमवल्या होत्या मी. सगळे हसले. जिथे तूरही उगवत नाही त्या मुरमाड तुकड्यावर लावल्या, डोक्यावर पाणी वाहिलं. तेव्हा अब्बा अम्मीसमोर म्हणाले होते, "झाडं फळली की हा तुकडा आफ्रीनचा."

आता अकरा माद्या फुलल्यात आणि नर एकही नाही. फूल जेमतेम तीन-चार दिवस थांबतं.

१३ फेब्रुवारी
उत्तरेश्वरकाका डोंगरातल्या शिंदीच्या पाल्याचे फडे बांधून विकतात. मला बांधावर रडताना पाहिलं. "पोरी, डोंगरात शिंदी लई फुललीय. तिचा नर चालंल की!"

शिंदी म्हणजे खजुराची रानातली बहीणच. तिच्यातही नर-मादी वेगळे. मलाच सुचायला हवं होतं. पदवी माझी, अक्कल त्यांची.

१४ फेब्रुवारी
पहाटेच डोंगर चढले. शिंदीच्या काट्यांनी हात सोलून निघाले. नराचा तुरा कसा ओळखायचा ते काकांनी दाखवलं — झटकला की पिठासारखी भुकटी उडते. मादीच्या तुऱ्यातून काही उडत नाही.

शिडीवर चढून कापसाच्या बोळ्यानं अकराही झाडं केली. अरमानला म्हटलं, शिडी धर. "थांब, मॅच चालू हाय."

२ एप्रिल
हिरवे मणी! अकराच्या अकरा झाडांना!

२७ जून
पिवळेधमक घड. अब्बांनी गाड्यावर लावले, दुपारपर्यंत संपले. गिऱ्हाइकं विचारतात, कुणाची बाग? अब्बा म्हणतात, "अरमानची."

रात्री तुकड्याची आठवण करून दिली. "बेटी, तू तो पराए घर की."

एवढंच. मग भाकरी मागितली. मी वाढली. का वाढली?

१९ फेब्रुवारी २०२५
पुन्हा डोंगर, पुन्हा कापूस. झाडांचा काय दोष?

८ ऑगस्ट
पेढे आले घरी. तुकडा अरमानच्या नावावर झाला! मला पेढा हातात घेतल्यावर कळलं.

अम्मी स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "रडू नकोस. उद्या सासरी गेलीस की भावाचंच दार. माहेर राहायला पाहिजे ना?" तिनंही आपला हिस्सा असाच सोडला होता मामांसाठी. मामा ईदलासुद्धा येत नाहीत.

संताप येतो. अब्बांचा सगळ्यात जास्त. अरमान मूर्ख आहे, पण अब्बांना सगळं माहीत होतं.

१२ फेब्रुवारी २०२६
माद्या फुलल्या. अब्बांनी दारातून हाक मारली, "आफ्रीन, फुलं उमललीत. चल."

"बाग ज्याची, त्याला पाठवा डोंगरावर."

अरमाननं मोबाईलमधून मान वर केली. "डोंगरावर कशाला?"

दोन वर्षं ह्याच्या नावानं फळ विकलं जातंय!

१३ फेब्रुवारी
कुणी गेलं नाही. अब्बा जेवले नाहीत. मी जेवले.

१४ फेब्रुवारी
अब्बा एकटेच डोंगरावर जाऊन आले. साठी उलटलेला माणूस, सदरा फाटलेला, दम लागलेला. पिशवीभर तुरे माझ्यापुढे ओतले. "यही है ना, बेटी?"

एक उचलून झटकला. काहीच उडालं नाही. दुसराही तसाच. सगळे मादीचे.

"हौ, अब्बा," म्हटलं मी. "हेच."