मेनूरची मूठ

प्रिय सेनो,

तू रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप मी तीनदा ऐकला. पंधरा तारखेला तुझी आई सोलोहून गाडी घेऊन येणार आणि मेनूरला घेऊन जाणार, असं तू म्हणालास. "आई, तुमच्याकडे ती खात नाही, तिकडे खाईल, एवढंच." पुढे असंही म्हणालास, की तुमची लारास तर शेवटच्या संध्याकाळीसुद्धा तुमच्या हातून दोन चमचे पेज खाऊन गेली, मग तिची पोर तुमच्या हातून का खात नाही, तेच कळत नाही. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. मी गप्प बसते आणि लोक तो होकार समजतात. म्हणून लिहिते आहे. तीस वर्षं तालुका कचेरीत मी लोकांचे अर्ज टंकले, तेव्हा हे पत्र अर्जासारखं कोरडं वाटलं तर वाटू दे. मेनूर येणार नाही.

तुझी लेक काय खाते ते आधी ऐक, कारण लारासच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर तू खाणीवर कामाला परत गेलास आणि तेव्हापासून तिला जेवताना तू पाहिलेलं नाहीस. सोमवारी तिने तीन चमचे भात आणि पालकाचं सार खाल्लं, सोयाबीनच्या टेंपेचा एक तळलेला तुकडा अर्धा खाऊन अर्धा मांजरीला दिला. मंगळवारी दुपारपर्यंत एक केळं, बाकी काही नाही. भाताकडे बघून तिने तोंड असं फिरवलं, जणू मी तिला भात नव्हे, झुरळ दाखवलं. बुधवारी सकाळी एक अंडं खाल्लं आणि "उती, अजून" म्हणाली. मी दुसरं केलं, तेही खाल्लं. मला ती उती म्हणते, हे तुझ्या लक्षात असेलच. गुरुवारी पपई, नुसती पपई. शुक्रवारी गल्लीतल्या एका घरी जेवण होतं, तिथे माझ्या मांडीवर बसून तिने कोंबडीची तंगडी हाडापर्यंत साफ केली आणि माझ्या ताटातल्या पापडीकडे हात केला. एका दिवसाचं ताट बघणाऱ्याला ती उपाशी दिसते. सबंध आठवडा बघणाऱ्याला दिसत नाही. आठवडाभर बघणारी मी एकटीच आहे.

पहिले दोन महिने मीही एका दिवसाचंच ताट बघत होते, ते कबूल करते. चार वाजले, की मी तिला कापडाच्या झोळीत कमरेवर बांधायची, हातात वाटी घ्यायची आणि गल्लीत फिरायची. आपल्याकडे सगळ्या बायका तेच करतात. कोंबड्या दाखवायच्या, मोटरसायकल दाखवायची, पोराचं तोंड आश्चर्याने उघडलं, की घास आत. कोपऱ्यावरची पायनेम रोज आपल्या नातवाला घेऊन समोर यायची. तो पोरगा वाटी संपवून वाटी चाटतो. "काय गं वारसिनी, अजून तोच घास फिरवतेयस? माझ्याकडची पिल्लंसुद्धा हिच्यापेक्षा जास्त टिपतात!" मी हसायची. मग पायनेम मेनूरचा गाल चिमटीत धरून म्हणायची, "आईविना पोर, म्हणून सुकली गं बाई." हे वाक्य मी रोज संध्याकाळी चार वाजता ऐकलं, आणि मेनूरनेही ऐकलं. एक दिवस कोंबडी पाहून तिचं तोंड उघडलंच नाही. तिला डाव कळला होता. त्या दिवसापासून झोळी घडी करून ठेवली. आता ती जमिनीवर चटईवर बसते, ताट तिच्यासमोर असतं आणि मी शेजारी बसून माझं जेवते.

दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी वस्तीच्या सभागृहात मुलांची वजनं करतात, तिथे मी तिला न चुकता नेते. तुळईला काटा टांगलेला, त्याला कापडाची चड्डी, त्यात पोरं बसवतात आणि सगळी एकजात टाहो फोडतात. मेनूर रडली नाही. ती लोंबकळत सगळ्यांकडे बघत राहिली, लारास बघायची तशी. वजन भरलं अकरा किलो दोनशे, गेल्या महिन्याइतकंच. कार्डावरची रेघ वर न चढता आडवी गेली. नर्सबाई एंडा यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाल्या, "रेघ हिरव्या पट्ट्यात आहे ना? मग चेहरा का लाल? अहो, ही पोर आहे, तांदळाचं पोतं नव्हे. पहिल्या वर्षात भराभर वाढली, तेव्हा भूक होती. आता वाढ सावकाश, तर भूकही सावकाश." मग त्यांनी मेनूरची मूठ धरून मला दाखवली. "पोट केवढं? साधारण एवढं. वयाच्या वर्षामागे एकेका पदार्थाचा एक मोठा चमचा, हा अंदाज. अडीच वर्षांची आहे, अडीच चमचे भात. तुम्ही वाढता किती?" मी वाढत होते ती वाटी त्या मुठीच्या तिप्पट होती. एंडाबाई हसल्या. "काय वाढायचं, केव्हा वाढायचं, ते तुमचं काम. किती खायचं, ते तिचं. तिच्या कामात तुम्ही हात घालू नका. पुढच्या महिन्यात पुन्हा आणा, रेघ खाली वळली तर मीच तुम्हाला डॉक्टरकडे पाठवीन." त्या दिवशी तिथे मुलांना वाटलेली मुगाची गोड खीर मेनूरने सगळी संपवली.

आता शंभराव्या दिवसाचं. तुला यायला मिळालं नाही, त्यात तुझा दोष नाही. विहीणबाई आल्या, सोलोहून पेटीभर खाऊ घेऊन आल्या, लारासच्या फोटोसमोर रडल्या. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. दुपारच्या जेवणाला मेनूरने तीन घास खाल्ले आणि उठली. विहीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वारसिनीबाई, हे जेवण की चिमणीचं पाणी पिणं? तुमची लेक अशीच वाळत गेली ना?" घरात तीस माणसं होती. मी भातावर केळीचं पान झाकलं आणि स्वयंपाकघरात गेले. प्रार्थनेला आलेल्यांच्या डब्यांमध्ये भात भरत होते, तेवढ्यात त्या मेनूरला "चक्कर मारून आणते" म्हणून घेऊन गेल्या. तासाने परतल्या. पोरीच्या झग्याच्या गळ्यावर पिवळट तपकिरी डाग होता, आणि त्याचा वास मला दारातूनच कळला. शहरातल्या चेकोकवाल्याकडे नेलं होतं. कडू पाला आणि कंद कुटून फडक्यात बांधतात, एक जण पोराचं नाक दाबतो, दुसरा गालांवर बोटं रुतवतो, तोंड उघडलं, की फडकं पिळतात. भूक लागते म्हणतात. रांगेतल्या प्रत्येक बाईच्या मनात मायाच असते, ते मी नाकारत नाही. "दोन दिवसांत बघा कशी खाईल," विहीणबाई म्हणाल्या. दोन दिवस मेनूरने ओठ मिटून ठेवले. पाण्याचा पेला जवळ आला, तरी ती आधी दोन्ही हातांनी नाक झाकायची. हे मी तुला कळवलं नव्हतं. आता कळवते.

विहीणबाईंना मी नावं ठेवते आहे असं तुला वाटेल. मला तो अधिकार नाही. लारास तीन वर्षांची असताना मी तिला चेकोकवाल्यांच्या त्याच गल्लीत, बहुतेक त्याच ओट्यावर नेलं होतं. तेव्हा कचेरीतल्या बायका विचारायच्या, "पगार घेतेस ना गं, मग लेकीच्या हाडांवर मांस का नाही?" नाक मीच दाबलं होतं. मुलगी ओरडली नाही. तिने वर माझ्याकडे पाहिलं, आणि गिळलं. त्यानंतर ती वाढलेलं सगळं संपवायची. मी सगळ्यांना सांगायचे, एका फडक्यात पोर सुधारली. ती सुधारली नव्हती सेनो, ती मला घाबरत होती. तिने आयुष्यात कधी ताटात काही टाकलं नाही आणि कधी काही मागितलंही नाही. लग्नानंतर एकदा तू हसत मला म्हणाला होतास, "आई, हिला काय आवडतं तेच कळत नाही, जे देऊ ते खाते." तेव्हा मी अभिमानाने हसले होते.

तर पंधरा तारखेला विहीणबाईंनी जरूर यावं. फाटक उघडं असेल, मी त्यांच्यासाठी फणसाची भाजी करीन, त्या मेनूरला मांडीवर घेऊन दिवसभर बसू देत. पण गाडीत मेनूर बसणार नाही. तिची कपड्यांची पिशवी मी भरणार नाही आणि दुसऱ्या कुणाला भरू देणार नाही. गावचे प्रमुख आले, तुझे काका आले, तरी मी हेच सांगेन, आणि या वेळी स्वयंपाकघरात जाणार नाही. तुला ती हवी असेल तर तू ये. बाप आहेस, तुला मी अडवू शकत नाही. पण महिनाभर राहा, तिच्या शेजारी चटईवर बस, तुझे हात तुझ्या मांडीवर ठेव, आणि तिचा सबंध आठवडा बघ. मग बोलू.

आता ती दोन चमचे पेज. तू ही गोष्ट सातव्या दिवशी सांगितलीस, चाळिसाव्या दिवशी सांगितलीस, खाणीवरच्या मित्रांनाही सांगतोस. तुझा तोच आधार आहे म्हणून मी आजवर तोंड उघडलं नाही. तू त्या संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेला होतास. लारासने ओठ मिटले होते. मान हलवली, एकदा नव्हे, दोनदा. "आई, आज नको," असं तिने म्हटलं, स्पष्ट म्हटलं. एकतीस वर्षांत ती मला पहिल्यांदा नको म्हणाली. आणि मी तिच्या गालावर अंगठा दाबला, तोंड उघडलं आणि चमचा आत घातला. दोन वेळा. तिने माझ्याकडे पाहिलं, त्या ओट्यावरून पाहिलं होतं तसंच, आणि गिळलं. तू परत आलास तेव्हा वाटी माझ्या हातात होती, तू आनंदाने विचारलंस, "खाल्लं?" मी हो म्हणाले. पहाटे ती गेली. मला तिची माफी मागता आली नाही आणि यापुढेही येणार नाही. तिच्या लेकीच्या बाबतीत मात्र मला एक गोष्ट करता येते, आणि ती मी कुणालाही मोडू देणार नाही. आज सकाळी मेनूरने आपल्या ताटातला टेंपेचा तुकडा उचलून माझ्या ओठांशी आणला. मी म्हटलं, "नको गं, उतीचं पोट भरलं." तिने क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं, "नको?" म्हणाली, आणि हात मागे घेऊन तो तुकडा स्वतःच खाऊन टाकला.

तुझीच,
लारासची आई