करड्या स्वेटरची विल्हेवाट

मी, ग्रॅसियाना एचार्ट, वय वर्षे एकाहत्तर, विधवा, राहणार एल्को, नेवाडा राज्य, थकबाकी वसुली संस्थेच्या परवान्यावरील व्यवस्थापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना लिहून ठेवीत आहे. ‘दडपणाखाली नसताना’ हे शब्द वकिलाने घालायला सांगितले. सत्तावीस वर्षांत ते माझ्या बाबतीत फक्त आज सकाळी खरे आहेत. बुद्धी शाबूत आहे. हृदयाची झडप तेवढी शाबूत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्याचा विषय निघाला की डॉक्टर चष्मा पुसू लागतात, म्हणून ही घाई.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकील फक्त कामाच्या वेळेत भेटतो, आणि कामाच्या वेळेत मी कुठे असते हे गावाला माहीत आहे.

कलम पहिले. मी कुठे असते याचा खुलासा.

माझा धाकटा भाऊ रामॉन, ज्याला सगळे रे म्हणतात, याची ही संस्था. दवाखान्याची बिले, गाड्यांचे हप्ते, ट्रेलर-घरांची भाडी, जे ज्याचे बुडाले ते फोन करकरून मिळवून द्यायचे हा धंदा. राज्याचा नियम असा की परीक्षा पास झालेला व्यवस्थापक असल्याशिवाय अशा संस्थेला परवाना नाही. त्या व्यवस्थापकाचे नाव परवान्यावर छापतात, परवाना आल्यागेल्याला दिसेल असा भिंतीवर लावतात, आणि जोवर फोन चालू आहेत तोवर त्या माणसाने जागेवर हजर राहायचे. तो उठला की फोन खाली. नियम चांगला आहे. मी त्याला नावे ठेवणार नाही.

नवरा गेल्यावर मी एकोणीसशे सत्त्याऐंशी साली रीनोहून परत आले. रे म्हणाला, “ग्रेसी, तीनच महिने बस. तेवढ्यात मी परीक्षा देतो, मग तू मोकळी.” मी पहिल्या फटक्यात पास झाले. तीन महिने आठ ते पाच बसले. नंतरही बसले.

रे गावात सांगतो की मालकाला ती परीक्षा देता येत नाही. हे खोटे आहे. मालकाला ती देता येते, आणि मालक ती तीनदा देऊन तीनदा नापास झाला आहे. निकालाची तिन्ही पत्रे माझ्याकडे आहेत. आजवर मी हे कोणाला सांगितले नाही, कारण तो माझा भाऊ आहे आणि त्याचा चेहरा त्या तिन्ही वेळेला मी पाहिला होता.

कलम दुसरे. मी का उठले नाही.

चौथ्या महिन्यात माझी दाढ दुखू लागली. मी रेला सांगून चाळीस मिनिटांसाठी दाताच्या डॉक्टरकडे गेले. फोन खाली ठेवायला हवे होते. रेने ते ठेवले नाहीत. माझा करडा स्वेटर त्याने खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि टेबलावरचा दिवा लावून ठेवला, कोणी तपासनीस आलाच तर बाई आत्ताच उठून गेल्या असे वाटावे म्हणून. त्या चाळीस मिनिटांत आमच्या बडी लार्किनने एका खाणकामगाराच्या बायकोला फोन केला आणि सांगितले की पैसे आले नाहीत तर तुझ्या नवऱ्याला कामावरून बेड्या घालून नेतील.

असे बोलायला राज्यात बंदी आहे. माझ्या टेबलावर कोणाचाही फोन ऐकायची सोय होती आणि एक लाल बटण होते, ते दाबले की लाइन तुटे. मी जागेवर असते तर बडीला तिसऱ्या शब्दापाशी तोडला असता.

दुसऱ्या दिवशी ती बाई लहान मुलाला काखेत घेऊन ऑफिसात आली. भिंतीवरचा परवाना तिने बोट फिरवत वाचला आणि विचारले, “ग्रॅसियाना एचार्ट कोण?”

“मी,” मी म्हणाले. गाल सुजला होता.

“काल कुठं होता तुम्ही? रात्रभर माझा नवरा बूट घालून बसला होता. कुणी न्यायला आलंच तर तयार असावं म्हणून.”

मला तिची माफी मागताना रडू आले. ती नॉर्मा क्विस्ट. आज मी हे तिच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, असे वकील म्हणतो, त्यामुळे सत्तावीस वर्षांची मैत्रीण असून तिला यात काहीही नाही. ती म्हणते, “तुझ्या घरात मला हवं असं काय आहे गं?” हेही खरेच आहे.

बडी लार्किनला मी दुसऱ्या दिवशी काढायला लावले. त्याला मी काही ठेवत नाही. माझ्या मागे हॉटेलातल्या लांब टेबलावर जेवण होईल, तेव्हा तो आलाच तर त्याला लसूण घातलेले मटण आणि बीन्सचे सूप पोटभर वाढावे. ते फुकट मिळते म्हणून तो नक्की येईल.

त्या दिवसापासून मला कळले की मी उठले की कोणाच्या तरी घरी कोणीतरी बूट घालून बसणार. रेच्या तीन महिन्यांनी मला अडकवले नाही. यानेच अडकवले.

कलम तिसरे. आई.

तरी मी अधूनमधून अर्धा तास निसटत असे आणि स्वेटर खुर्चीवर बसत असे. मग शहाण्णव साली तपासनीस व्हर्नन टॉली यांनी लेखी ताकीद दिली. ते म्हणाले, “बाई, गेली सहा वर्षं मी येतो आणि तुमच्या स्वेटरशी बोलून जातो. ऐकून तो छान घेतो. पण नियमात व्यवस्थापक लिहिलंय, लोकर लिहिलेली नाही. पुन्हा दिसला तर परवाना थांबेल.” परवाना थांबला तर नऊ माणसे घरी बसणार होती. मग मी डबाही टेबलावरच खाऊ लागले.

पंचवीस फेब्रुवारी दोन हजार तीन, मंगळवार. सकाळी साडेदहाला बॉयझीच्या शुश्रूषागृहातून फोन आला की आईचे काही खरे नाही. गाडीने चार तासांचा रस्ता. रेने कोट चढवला.

मी म्हणाले, “मी पण येते.”

“महिनाअखेर आहे, ग्रेसी. दोघं गेलो तर फोन बंद. पाचनंतर नीघ तू. आई वाट बघेल.”

आई तीन चाळीसला गेली. रेने तिचा हात धरला होता. मी साखरेच्या पुडीवर पेनाने रेघा ओढत बसले होते आणि आमची माणसे फोन करत होती. तपासनीस त्या दिवशी आला नाही. त्या महिन्यातच आला नाही.

हे मी रेला माफ केलेले नाही आणि या कागदानेही करत नाही. पण दोष निम्माच त्याचा आहे. नियम मला पाठ होता. फोन चालू असतील तरच मी जागेवर हवी. मला फक्त उभे राहून नऊ जणांना म्हणायचे होते, “फोन ठेवा.” दोन शब्द. दार उघडे होते आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले. हे मी आजवर नॉर्मालाही सांगितले नव्हते. आत्ता वाचून दाखवले, तर तिने कॉफी ओतली.

कलम चौथे. माइते.

रेची मुलगी माइते सव्वीस वर्षांची आहे. ऑरेगॉनात नदीचे पाणी मोजणाऱ्या कचेरीत तिला नोकरी लागली आहे, जानेवारीत हजर व्हायचे आहे. लहानपणी ती माझ्या टेबलाखाली बसून ओढ्यांची चित्रे काढायची. मागच्या रविवारी ती माझ्याकडे आली आणि एक अर्ज टेबलावर ठेवून उभी राहिली. व्यवस्थापकाच्या परीक्षेचा अर्ज. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळे रेच्या अक्षरात. सहीची जागा तेवढी कोरी.

“आत्या, बाबांना तुझ्या तब्येतीचं कळलंय. ते म्हणतात, तीनच महिने.”

“तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? नऊ माणसं आहेत, आत्या. फोनवरच्या लुसिंडाच्या मुलीचं ऑपरेशन आहे. मी नाही म्हटलं तर...” मग ती म्हणाली, “तू कशी काय बसलीस गं एवढी वर्षं?”

मी तिला म्हणाले, अर्ज माझ्याकडे राहू दे. तो अर्ज या मृत्युपत्राला जोडला आहे. सहीची जागा कोरी आहे आणि ती तशीच राहावी.

म्हणून कलम पाचवे, ज्यासाठी बाकीचे सारे लिहिले.

ज्या इमारतीत ऑफिस आहे, म्हणजे आईवडिलांची मेंढपाळांसाठीची जुनी खाणावळ, ती माझ्या नावे आहे. ती इमारत, माझे राहते घर आणि बँकेत असेल ते सर्व मी माइतेला देत आहे. अट एकच. तिचे नाव कोणत्याही वसुली संस्थेच्या परवान्यावर व्यवस्थापक म्हणून एक दिवसही लागले, तर हे सर्व मेंढपाळांच्या वृद्धाश्रमाला जाईल आणि ती बिनघराची होईल.

माइते, ही शिक्षा नाही. ही सबब आहे. आपल्या घरातल्या मुलींना नाही म्हणता येत नाही, मला माहीत आहे. तुला म्हणावेही लागणार नाही. तू हात वर करून सांग, “बाबा, माझ्या हातात काही नाही, आत्याने बांधून ठेवलंय.” सगळे मला शिव्या देतील. मला त्या ऐकू येणार नाहीत. पैशांतून पहिल्यांदा गाडीला बर्फात चालणारे टायर घे, चांगले घे, तुझा बाप घाटासाठी घेतो तसले जुने नको.

कलम सहावे. रे.

रामॉनला पुढील वस्तू मिळाव्यात: माझी खुर्ची, लाल बटण, परीक्षेसाठी मी काढलेल्या टिपणांच्या चार वह्या, आणि परीक्षेची फी, जी मी काल त्याच्या नावाने भरली आहे, पावती सोबत. ऑफिसचे भाडे दोन वर्षे आहे तेच राहील. व्यवस्थापक मेला तर नवा नेमायला राज्य थोडी मुदत देते. तेवढ्यात अभ्यास होतो. तिसरी वही आधी वाच, रे, तुझे घोडे तिन्ही वेळा तिथेच अडले. तू ढ नाहीस. तुला बसायचे नव्हते एवढेच. पास झालास तर नऊ माणसांच्या नोकऱ्या राहतील आणि तू आठ ते पाच त्या खुर्चीत बसशील. खिडकीतून फक्त टायरचे दुकान दिसते. सवय होते.

इथपर्यंत लिहिले आणि नॉर्माचा फोन वाजला. रे होता. बोलणे जसे झाले तसे लिहिते.

“कुठं आहेस तू? इथं सगळे फोन खाली ठेवून कॉफी पितायत! म्हणतायत, ग्रेसीनं सांगितलं!”

“सांगितलं. सकाळी जाऊन सांगून आले.”

“मंगळवारी? कामाच्या वेळेत? अगं, खुर्चीवर स्वेटरसुद्धा नाहीये!”

“अंगात आहे माझ्या.”

“आणि कुणी तपासायला आलं म्हणजे?”

“टॉली इथंच बसलाय. रिटायर झालाय, ॲपल पाय खातोय. तुला नमस्कार सांगतोय.”

मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, “किती वेळ लागेल तुला, ग्रेसी?”

“तीनच महिने, रे.”

मी बोलायला नको होते असे मला वाटत नाही. त्याने फोन ठेवला नाही. मीही थोडा वेळ धरून ठेवला, मग नॉर्माने माझ्या हातातून काढून घेतला.

कलम सातवे आणि शेवटचे. स्वेटर.

करडा, लोकरीचा, चार बटणे, उजव्या कोपरावर नॉर्माने लावलेले ठिगळ. मी गेल्यावर मुदतीच्या त्या दिवसांत रे काय करील हे मी जाणते. तो दिवा लावील आणि स्वेटर शोधील. तो सापडू नये. मला पुरताना तो माझ्या अंगात असावा आणि चारही बटणे लावलेली असावीत. हे काम नॉर्माने स्वतःच्या हाताने करावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी टॉली यांनी करावी, आणि शवपेटी बंद होण्यापूर्वी स्वेटर जागेवर आहे याची त्यांनी खात्री करून घ्यावी. मला बॉयझीला आईशेजारी न्यावे. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी न्यावे, सकाळी साडेदहाला निघावे, आणि तेवढा वेळ ऑफिसातले फोन खाली असावेत.

सही: ग्रॅसियाना एचार्ट

आम्ही खाली सही करणार लिहून देतो की वरील बाईंनी आमच्या देखत सही केली, त्या पूर्ण शुद्धीत होत्या, आणि त्यांच्यावर कोणाचे दडपण नव्हते.

साक्षीदार पहिली: नॉर्मा क्विस्ट

साक्षीदार दुसरा: व्हर्नन टॉली, निवृत्त. मी आणखी नमूद करतो की व्यवस्थापक स्वतः हजर होत्या.

ठिकाण: नॉर्मा क्विस्ट यांचे स्वयंपाकघर, एल्को, नेवाडा
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१४, मंगळवार
वेळ: सकाळी साडेअकरा, कामाच्या वेळेत