तिसाचे साठ

सोमवार, संध्याकाळ

नववीतली नात म्हणाली, "आजोबा, गाडीचा वेग दुप्पट झाला की तिची ऊर्जा चौपट होते." मला वाटायचं, दुप्पटच. तिसाचा वर्ग नऊशे, साठाचा छत्तीसशे. वजन तेच. तीनदा मांडलं, चौपटच आलं. आणि तिचा बाप, माझा शंकर, रोज आसनगाव स्टेशनला मोटरसायकल साठने हाणतो.

तो कामावरून आल्यावर त्याला सांगितलं. हसला. "बाबा, तुमाला बैलगाडीतपण भ्या वाटतं! म्हशीची धार काढून मग निघतो मी. टाइम कुठनं आणू?"

चौपट. म्हैस ठेवायचा हट्ट माझाच, आणि बोटं वळत नाहीत म्हणून धार त्याच्यावर टाकली तीही मीच. म्हसा गावच्या जत्रेत तिला विकून टाक, असं आत्ताच सांगून आलो. पण जत्रेला अजून महिना आहे. तोवर रोज सकाळी तो साठनेच जाणार.