बोंडासकट खुडायचं

डेकोरा, आयोवा
९ जुलै १९८६

चि. आर्डिस हिस वर्लाताईचे अनेक आशीर्वाद.

कर्टिस येऊन गेला. मी पायरीवरून पडले तेव्हापासून लेकाचा एकच धोशा, घर विक आणि वृद्धाश्रमात चल. म्हणे, आई, ओसरीवरच्या टांगत्या टोपल्यांतली पिटुनियाची फुलझाडंसुद्धा तुझ्याच्यानं जगत नाहीत, एकटी कशी राहणार? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीला ये. टोपल्या फुललेल्या नसल्या तर किल्ल्या तुझ्या. असल्या तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल झालाय.

पण खरं सांगू? फुलं मंदावलीत. सूनबाई मदत म्हणून सुकलेली फुलं काढून गेली, ती नुसत्या पाकळ्या ओढून. मागचं बियांचं बोंड तसंच. बोंड धरलं की झाडाला वाटतं, झालं आपलं काम, आणि ते फुलायचं थांबतं. आता आई करायची तोच उपाय.

तुझीच,
वर्ला

टूसॉन
१८ जुलै

ती. वर्लाताईस सा. न. वि. वि.

कर्टिसचा फोन होता. तू सगळ्या टोपल्या निम्म्यावर भादरल्यास, आईचं डोकं फिरलंय का, विचारत होता. मी म्हटलं, ते जन्मापासूनच!

पण ताई, मला धास्ती वाटते. पैज लावायची आणि स्वतःच कात्री चालवायची? आई छाटायची तेव्हा पस्तिशीची होती, तू ब्याऐंशीची. पुन्हा पडलीस म्हणजे? हट्ट सोड गं.

रागावू नकोस. तुझी धाकटी,
आर्डिस

डेकोरा
४ ऑगस्ट

चि. आर्डिस, आशीर्वाद.

रागावले. पण पत्र लिहितेच आहे.

बादली उचलत नाही, घाबरू नकोस. एका हातात काठी, दुसऱ्यात चहाची किटली, अशा खेपा घालते. शेजारची लॉर्ना कुंपणावरून विचारते, फुलं लावलीत की पालेभाजी? म्हटलं, थांब, तुझे डोळे दिपतील. आतून मात्र जीव टांगणीला. कोंब फुटलेत, कळी एक नाही. हे घर सुटलं तर मी कोण गं उरणार?

वर्ला

डेकोरा
लेबर डे

चि. आर्डिस,

आला! सामान भरायला रिकामी खोकी घेऊनच आला, पठ्ठ्या. आणि ओसरीवर जांभळ्या फुलांचा असा लोंढा की त्याला दाराची घंटा सापडेना.  मग ओशाळून एक सुकलेलं फूल काढायला गेला, नुसत्या पाकळ्या धरून. दिली हातावर एक चापटी! म्हटलं, बोंडासकट खुड.

तरी म्हणालाच, आई, ह्या वयात कशाला हा खटाटोप? मग मला राहवलं नाही. म्हटलं, बाळा, माझं बोंड धरून अठ्ठावन्न वर्षं झाली, ते आत्ता खोकी घेऊन समोर उभंय. म्हणून मी फुलायचं थांबवू होय?

खोकी परत घेऊन गेला. त्याची माया आहेच, ती तशीच राहू दे. आणि तूही तुझ्या कात्रीला धार लाव, तुलाही अजून फुलायचंय.

तुझी ताई,
वर्ला